मोऱ्या दुरुस्त करताना जनावरांचीही वाट मोकळी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्गाची वाहतूक थांबवावी लागली. तो नदीचा पूर होता, त्यापुढे कुणाचे चालत नाही. पण एरवी वळवाचा एखादा जोरदार पाऊस झाला तरी सेवा रस्त्यावर पाणी साचते आणि रस्त्याच्या भरावाच्या वरच्या अंगाची पिके पाण्यात उभी राहतात. त्याला कारण नदी नाही, रस्त्याखालून ओढ्याचे पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या, पण तुंबलेल्या मोऱ्या आहेत. शेतातून वाहून आलेला काळा गाळ, वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्या आणि ढाब्यांचा कचरा यांनी त्यांची तोंडे बुजली आहेत.

मोऱ्यांची दुरुस्ती व्हायलाच हवी. ती करतानाच रानातल्या जनावरांचाही विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र. आपल्याकडचे ओढे वर्षातले बहुतेक महिने कोरडे असतात. त्या काळात खोकड, रानमांजर, मुंगूस, साळिंदर यांना रस्त्याखालून जायला मोरी ही आयती वाट असते. तोंड बुजले की जनावर भराव चढून वर येते, काँक्रीटच्या दुभाजकाशी अडते आणि गाडीखाली सापडते. त्याला चुकवायला जाऊन दुचाकीवाला पडतो, तो वेगळाच.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. गोल नळाची मोरी बदलायचीच असेल तर तिथे चौकोनी पेटीमोरी घालावी, म्हणजे पलीकडचा उजेड दिसतो आणि जनावर आत शिरायला बिचकत नाही. तळाच्या एका कडेला थोडा उंच, सलग कट्टा ठेवला की ओढ्याला थोडे पाणी असतानाही कोरडी पायवाट राहते. मोरीच्या खालच्या अंगाला पाण्याने माती खरवडून उभा खड्डा पडतो; तिथे दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून केलेले अस्तर, उताराचे करावे. पाण्याने होणारी धूप थांबते आणि जनावराला चढता येते, दोन्ही कामे एकदम होतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना थोड्या अंतरापर्यंत जाळी लावली तर जनावर रस्त्यावर न चढता मोरीकडे वळते. साफसफाईत बाभूळ काढा, पण आजूबाजूचे गवत सरसकट खरडू नका.

रस्त्याकडेच्या उघड्या काँक्रीट गटारांचे मला जास्त वाईट वाटते. भिंती सरळ उभ्या असल्याने आत पडलेल्या सशाच्या पिलाला किंवा कासवाला वर येताच येत नाही. ठरावीक अंतरावर एक बाजू उताराची ठेवली तरी पुरे.

काळविटाचे मात्र असे भागणार नाही. उघड्या माळावरचे जनावर अरुंद मोरीत शिरत नाही. त्याच्यासाठी ओढ्यांवरच्या रुंद लहान पुलांखालची जागा मोकळी हवी. तिथे आज खडी, मुरूम आणि राडारोडा पडलेला दिसतो. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झाले, पण काळवीट आणि लांडगे त्याच्या हद्दीत बसून राहत नाहीत. माळावरून माळावर जाताना त्यांना रस्ते आडवे येतातच.

विदर्भात पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली वन्यप्राण्यांसाठी नऊ ठिकाणी वाटा ठेवल्या आहेत. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघासह १८ जातींचे वन्यप्राणी ये-जा करताना टिपले गेले. तेवढी मोठी बांधकामे आपण मागत नाही. आहे त्या मोऱ्या नीट कराव्यात, एवढेच म्हणणे आहे.

दुरुस्तीचे अंदाजपत्रक करण्याआधी महामार्ग यंत्रणा आणि वन विभाग यांनी मिळून एकदा मोरीनिहाय पाहणी करावी. जनावरे कुठे मरतात हे आसपासच्या शेतकऱ्यांना आणि मेंढपाळांना ठाऊक असते, त्यांनाही विचारावे. कट्टा, उतार आणि जाळी ही कामे निविदेतच लिहून घ्यावीत. एकदा काँक्रीट पडले की पुढची कित्येक वर्षे त्याला कुणी हात लावत नाही.

– एक शेतकरी वाचक, ता. मोहोळ, जि. सोलापूर