आजारी आणि एकट्या सभासदांसाठी सूचना

मुलं कॅनडाला नि वडोदऱ्याच्या फ्लॅटमध्ये आई-वडील एकटे, अशी घरं आपल्या कॅथलिक चर्चच्या सभासदांतही वाढली आहेत. ज्यांना मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणं झेपत नाही, त्यांची नावं रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना द्यावीत. शेजाऱ्यांनी दिली तरी चालेल.

ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, घरी येईल तेव्हा टेबलावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवा, टीव्ही बंद. गिळायला त्रास होत असेल तर आधी सांगा, लहानसा तुकडाही पुरतो. ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपवास वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना लागू नाही, तेव्हा गोळ्या चुकवू नका.

खरी चूक होते ती तैलाभ्यंगाबाबत, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराबाबत. हा संस्कार मरणाऱ्यासाठीच असं समजून, माणूस घाबरेल म्हणून घरचे थांबतात. फादर पोहोचतात तोवर शुद्ध हरपलेली असते. मग पापनिवेदनही राहतं आणि ख्रिस्तप्रसादही. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, वयामुळे फार अशक्तपणा आला तरी तो घेता येतो. प्रकृती आणखी ढासळली तर पुन्हाही. आजाऱ्याला धीर आणि आशा मिळावी म्हणूनच तो आहे. तो फक्त फादरच देऊ शकतात, म्हणून हॉस्पिटलात दाखल करायच्या आधीच त्यांना फोन करा.