पोस्टरवर नाव कुणाचं?

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तो लांबलचक मेसेज रात्री सावकाश वाचला. बँड मोडल्यापासून जो भेटेल तो तुला एकच विचारतोय, आता पुढे काय? मॅनेजर म्हणतो स्वतःच्या नावाने उतर. रेकॉर्ड कंपनीही तेच म्हणते. आणि तू हटून बसला आहेस की नाही, नवा बँडच काढायचा. नवं नाव, नवी माणसं, चौघांचा हक्क सारखा. मला विचारलंस म्हणून सांगते, तू एकट्यानेच उतरावंस असं मलाही वाटतं. पण त्या दोघांची कारणं वेगळी आणि माझी वेगळी, म्हणून हे पत्र.

मी काही सुरांमधली नाही. माझा जन्म करारनामे वाचण्यात गेला, त्यामुळे मी कलमांच्या भाषेत बोलले तर चालवून घे.

त्यांचं कारण सरळ आहे. तुझं नाव खपतं. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. रॉजर वॉटर्सने १९८५ मध्ये पिंक फ्लॉइड सोडला तेव्हा त्याला वाटलं की आपण निघालो म्हणजे बँड संपला. इतकी वर्षं शब्द त्याचे, कल्पना त्याच्या. उरलेल्यांनी ते नाव वापरू नये म्हणून तो कोर्टात गेला. १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली आणि नाव गिटारवाला गिल्मर आणि ड्रमर मेसन यांच्याकडेच राहिलं. त्याच वर्षी दोघांचेही दौरे चालू होते. जुन्या नावाला तुडुंब गर्दी, आणि ज्याने ती गाणी लिहिली त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या. लोक नावाला जीव लावतात, त्यामागे कोण बसलंय हे फार थोडे बघतात. तू गायक आहेस, तुझा आवाज लोकांच्या कानात बसलाय, म्हणून तुझी तितकी पंचाईत होणार नाही. पण नव्या बँडला नवं नाव दिलंस तर ते नाव शून्यापासून वाढवावं लागेल, आणि कंपनी तेवढी वाट बघणार नाही. गिटारवाला एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये हाच प्रयोग केला. स्वतःच्या कीर्तीला कंटाळून ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या नावामागे जाऊन बसला. रेकॉर्ड सुरुवातीला हवी तशी खपेना, तेव्हा कंपनीने ‘डेरेक म्हणजेच एरिक’ असे बिल्ले वाटले! तुझ्याही बाबतीत दुसऱ्या आठवड्यात पोस्टरवर कंसात तुझं नाव येईल, आणि उरलेल्या तिघांना ते वाचावं लागेल.

हे झालं धंद्याचं. माझी खरी काळजी त्या तिघांची आहे.

पॉल मॅकार्टनीची गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तरी सांगते, कारण तू त्याचाच दाखला दिला आहेस. १९७० च्या एप्रिलमध्ये बीटल्स फुटले आणि त्याच महिन्यात त्याची पहिली एकट्याची रेकॉर्ड आली. जवळजवळ सगळी वाद्यं त्याने स्वतः वाजवली होती. म्हणजे त्याला कुणाचीच गरज नव्हती. तरी पुढच्याच वर्षी त्याने ‘विंग्ज’ काढला. १९७२ च्या फेब्रुवारीत हा माणूस, ज्याच्यासाठी जगातलं कुठलंही मोठं सभागृह मिळालं असतं, बायकोला, मुलांना आणि साथीदारांना व्हॅनमध्ये घालून ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, आज इथे वाजवलं तर चालेल का? आगाऊ जाहिरात नाही. बीटल्सचं एकही गाणं नाही. तू लिहिलंस की तुला हेच हवंय, आणि मला ते समजतं. त्या व्हॅनची मलासुद्धा भुरळ पडते.

पण तू गोष्ट व्हॅनपाशी थांबवलीस. पुढचं असं, की विंग्जमधल्या साथीदारांना आठवड्याचा पगार होता आणि रेकॉर्ड कशी व्हायची ते पॉल ठरवायचा. १९७३ मध्ये नवी रेकॉर्ड करायला सगळे नायजेरियातल्या लागोसला निघणार, तेवढ्यात गिटारवाला हेन्री मॅकलॉ आणि ड्रमर डेनी साइवेल दोघांनीही बँड सोडला. पॉल, त्याची बायको लिंडा आणि साथीदार डेनी लेन असे तिघेच गेले. ड्रम्सही पॉलनेच वाजवले. आणि ‘बँड ऑन द रन’ ही विंग्जची सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड झाली. निम्मा बँड गळाला तरी संगीताचं काही बिघडलं नाही, यात पॉलची थोरवी दिसते हे खरं. पण साइवेलच्या जागी बसून बघ. आपण ज्याला आपला बँड समजत होतो तो आपल्यावाचून काही अडला नाही, हे त्याला रेकॉर्ड ऐकून कळलं असेल.

डेव्ह ग्रोलचंही तेच. तो निर्वाणा या बँडचा ड्रमर. तो बँड संपल्यावर १९९४ मध्ये त्याने एकट्याने आठवडाभरात अख्खी रेकॉर्ड केली आणि वर ‘फू फायटर्स’ असं अनेकवचनी नाव लावलं, लोकांना वाटावं की हा बँड आहे. मग खरोखरच माणसं जमवली. आणि दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी ड्रमर विल्यम गोल्डस्मिथने वाजवलेले बहुतेक भाग स्वतः पुन्हा वाजवले. गोल्डस्मिथ निघून गेला. तू ड्रम्स वाजवत नाहीस, पण अरेंजमेंट रात्रीतून बदलून सकाळी सगळ्यांना पाठवायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

त्या दिवशी तुझ्या रिहर्सलला मी मागे बसले होते. तो ड्रमर मुलगा आणि ती कीबोर्डवाली मुलगी, दोघंही उत्तम वाजवतात, ते मलाही कळलं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. तू म्हणालास लय कमी करा, त्यांनी केली. म्हणालास नको, होती तीच बरी, त्यांनी मान डोलावली. ती मुलं शाळेत असल्यापासून तुझी गाणी गात मोठी झाली आहेत. ती तुला ‘नाही’ कसं म्हणणार? तुझ्या जुन्या बँडमधला बासवाला आठव. तुझं सगळ्यात गाजलेलं गाणं तू जलद लयीत बांधलं होतंस, आणि तो अडून बसला की हे सावकाशच चालेल. आठवडाभर तुम्ही एकमेकांशी बोलत नव्हता, आणि मला फोन करून तू त्याच्या नावाने खडे फोडत होतास. गाणं शेवटी त्याच्या लयीत झालं. त्याच्यात ते बळ आलं कुठून? तुम्ही दोघं कुणीच नव्हता तेव्हापासून तो तुझ्याबरोबर होता, आणि तू त्याला काढू शकत नव्हतास. हे नव्या मुलांना करारात लिहून देता येत नाही. तू कितीही समसमान म्हणालास तरी घरभाडं तुझ्यामुळे भरलं जातंय हे त्यांना माहीत असणार.

आता तू बोवीचं नाव काढशील. काढच, तो तुझा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे. १९८७ च्या अवाढव्य दौऱ्यानंतर डेव्हिड बोवी स्वतःलाच विटला होता. १९८८ मध्ये त्याने ‘टिन मशीन’ काढला, चौघांचा, आणि त्यात तो चौघांतलाच एक. समीक्षकांनी टर उडवली, चाहते गोंधळले, काही वर्षांत बँड संपला. पण त्यानंतर त्याला स्वतःच्या नावाने गायचा हुरूप आला, आणि गिटारवाला रीव्ह्‌ज गेब्रल्स पुढेही बरीच वर्षं त्याच्याबरोबर राहिला. मला तो प्रयोग फसला असं वाटत नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात घे. बोवीने निवडलेली माणसं त्याच्यासमोर दबणारी नव्हती. टोनी आणि हंट सेल्स हे भाऊ इगी पॉपसारख्या रॉक गायकाबरोबर वाजवून आलेले होते, त्यांना कुणाचं दडपण असणार? आणि त्याला हसं करून घेणं परवडत होतं. तुला परवडेल का ते तूच ठरव.

दुसरा एक बँड मला बिनतक्रार मान्य आहे. गिटारवाला जॉन मॅक्लॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचा विजेवर चालणारा गडगडाट खूप गाजला होता. तो सोडून १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्याने ‘शक्ती’ धरला. एल. शंकर यांचं व्हायोलिन, झाकीर हुसेन यांचा तबला, विक्कू विनायकराम यांचा घटम्, आणि याची साधी अकूस्टिक गिटार. ते संगीत तो एकटा करूच शकला नसता, आणि भाड्याची माणसं घेऊनही करू शकला नसता, कारण त्याला स्वतःलाच तिथे शिकायचं होतं. मधली खूप वर्षं खंड पडला, माणसं बदलली, तरी २०२४ मध्ये शक्तीच्या नव्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. तुझ्या डोक्यात असा काही आवाज असेल, जो त्या अमक्याच माणसाशिवाय निघणार नाही, तर मी माझं सगळं म्हणणं मागे घेते. तुझ्या मेसेजमध्ये मात्र आवाजाबद्दल एक ओळसुद्धा नाही. सगळं आहे ते बसमधल्या गप्पांबद्दल, स्टेजवर जाण्याआधी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकण्याबद्दल. राजा, तुला सोबत हवी आहे. ती हवीच, त्यात कमीपणा नाही. पण त्यासाठी तिघांना भागीदारीचं आमिष दाखवायची गरज नाही.

एकट्याच्या नावाने गाणारा एकटा नसतो. पोलीस हा बँड ऐन शिखरावर असताना स्टिंग त्यातून बाहेर पडला, आणि १९८५ च्या पहिल्या रेकॉर्डला त्याने जॅझमधली तरुण, तयारीची माणसं घेतली: ब्रॅनफर्ड मार्सालिस, केनी कर्कलंड, ओमर हकीम, डॅरिल जोन्स. नाव त्याचं, पैसे तो देणार, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत. म्हणून त्यांना मोकळेपणाने वाजवता आलं. तूही तसंच कर. चांगले पैसे दे, दौरा नसेल त्या महिन्यांचंही काही ठरवून दे, आणि ज्याने चाल सुचवली किंवा कडवं लिहिलं त्याचं नाव गाण्यावर घाल, टक्क्यांसकट. बाहेर तुझं एकट्याचं नाव आणि आत गाण्यात वाटा, हे अगदी चालतं. उलट बाहेर बँड आणि आत पगार, हे मात्र करू नकोस.

आणि जे ठरेल ते लेखी. स्मिथ्स या बँडमध्ये गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार रेकॉर्डच्या आणि कार्यक्रमांच्या कमाईतले चाळीस-चाळीस टक्के घ्यायचे, बास आणि ड्रम्सवाल्यांना दहा-दहा. ते कुणी नीट लिहून घेतलंच नव्हतं. ड्रमर माइक जॉइस कोर्टात गेला आणि १९९६ मध्ये जिंकला. इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा सांगतो की वेगळं काही ठरल्याचं सिद्ध झालं नाही तर भागीदार समसमान. दहाचे पंचवीस झाले. गायक ऑझी ऑसबॉर्नच्या जुना बँड सोडल्यानंतरच्या, १९८०च्या पहिल्या रेकॉर्डबाबत तर बासवाला बॉब डेझ्ली सांगत राहिला की ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हे बँडचं नाव होतं. कव्हरवर मात्र एकट्या ऑझीचं नाव आलं. भांडण इतकं चिघळलं की २००२ मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा काढताना डेझ्ली आणि ड्रमर ली कर्स्लेक यांचं वाजवणं पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतलं. चाहत्यांनी शिव्या घातल्या, आणि २०११ मध्ये मूळचं परत आणावं लागलं. बँड आहे की नाही, एवढं एक वाक्य सुरुवातीला कागदावर असतं तर?

दोन-तीन रेकॉर्डनंतर त्या मुलांपैकी कुणी तुला तोंडावर सांगायला लागलं की हे गाणं टाकाऊ आहे, आणि तू ते खरोखर टाकून दिलंस, तर तेव्हा बँडचा विचार कर. मी स्वतः करार लिहून देईन, फी न घेता.

आत्ता करायचं ते एवढंच. तुमच्या जुन्या करारात, सभासद बाहेर पडला तर काय, असं एक कलम असणार. बहुतेक बँडच्या करारांत ते असतं, आणि त्यानुसार बाहेर पडणाऱ्याची पुढची रेकॉर्डिंग्ज आपल्याकडेच ठेवायचा हक्क कंपनी राखून ठेवते. तुझ्यावर असा हक्क असेल तर तू ज्यांच्याबरोबर बँड काढशील तेही त्या गुंत्यात ओढले जाऊ शकतात. तेव्हा ते कलम वाचून होईपर्यंत त्या मुलांना तोंडी काहीही कबूल करू नकोस, आणि कंपनीच्या माणसाबरोबर जेवायला गेलास तरी ‘हो’ हा शब्द उच्चारू नकोस.

करार स्कॅन करून पाठव. सगळी पानं, परिशिष्टांसकट. मागच्या वेळी तू फक्त सहीचं पान पाठवलं होतंस.

तुझी,
आई

ता. क. जुन्या बँडचं नाव पुढे कोण वापरणार, हे तुम्ही चौघांनी लिहून ठेवलंय का? नसेल तर आधी बासवाल्याला फोन कर. तुमच्यात तोच एकटा कागद वाचून सही करायचा.