बाळाच्या घरी सहा वेळा, आजीच्या घरी कधी?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून मी तीसहून जास्त वर्षं काढली. बाळंतपणं केली, लशींचा डबा खांद्याला लावून वस्त्या तुडवल्या. पण एक काम राहून गेलं, ते तुमच्या कानावर घालते.

दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडे जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. घरी उरतात म्हातारी माणसं. अशाच एका वस्तीवर लस द्यायला गेले, तर शेजारच्या खोलीतून वास आला. आत अर्धांगवायू झालेली आजी, तीन आठवडे उताणीच पडून. माकडहाडापाशी बोट जाईल एवढी खोल जखम. जवळ फक्त नात. शेजारणीला हाक मारली आणि दोघींना दाखवलं: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली चादरीची घडी कशी ठेवायची, पाणी पाजताना डोकं किती उचलायचं. अर्धा तास लागला. हाच अर्धा तास तीन आठवडे आधी मिळाला असता, तर आजीची पाठ वाचली असती.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. दिवस ठरलेले, फॉर्म ठरलेला, मोबदला ठरलेला, म्हणून ती जाते. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जावं, असं त्यातही आहे. माझ्या नोकरीत मात्र मासिक बैठकीत मला ते कुणी एकदाही विचारलं नाही. सत्तरीपुढच्यांना पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळालं, फार चांगलं झालं. पण ते भरती झाल्यावर कामाला येतं. कूस बदलायला कोण भरती करून घेणार?

उपकेंद्रागणिक अशा रुग्णांची यादी व्हावी, भेटीचे दिवस ठरावेत, आशाताईला त्याचे वेगळे पैसे मिळावेत. आणि या कामासाठी शिकलेल्या नर्सचं कायम पद असावं. नर्सिंगच्या मुली मला विचारतात, “म्हाताऱ्यांचं काम म्हणजे नुसतं गू-मूत काढणंच ना?” मी त्यांना त्या आजीची जखम सांगते. ती भरायला चार महिने लागले, पण भरली. हात शिकलेला लागतो, मनही लागतं. त्या मुलींकडे दोन्ही आहे, पद नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडायच्या आत यंदा निदान यादीचं परिपत्रक काढा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड