यादीतला सोपा विषय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. उत्तराला उशीर झाला, कारण टेबलावर दोन वर्गांच्या वह्यांचा ढीग पडलाय आणि त्यातल्या आतापर्यंत तपासलेल्या सत्तावीस वह्या 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' याच शब्दांनी सुरू होतात. चेष्टा नाही, मोजल्यात. अठ्ठाविसावी उघडायच्या आधी म्हटलं, तुला लिहून टाकावं.

लेकीला मिळालेली विषयांची यादी तू जोडलीस आणि खाली दोनच ओळी लिहिल्यास : 'यातला सोपा कोणता ते सांग. जमलं तर मुद्दे दे.' लेका, शाळेत असतानाही तू माझ्याकडून असेच मुद्दे न्यायचास आणि गुण मात्र तुला जास्त पडायचे. ते मी विसरलेलो नाही.

यादी वाचली. साहित्य, संस्कृती, कुटुंब आणि ग्राहक असे चार रकाने, प्रत्येकाखाली सात-आठ विषय. आपल्या वेळचेच आहेत की सगळे! तेव्हा टीव्ही शाप की वरदान होता, आता ऑनलाइन खरेदी आहे. 'शाप की वरदान'वाला एकही विषय तिला घेऊ देऊ नकोस. दीड पान शाप, दीड पान वरदान आणि शेवटी 'वापर आपल्या हातात आहे', एवढंच त्यातून निघतं. वाचताना मला पेंग येते आणि तिसऱ्या पानावरच्या अक्षरावरून दिसतं की लिहिणाऱ्यालाही येत होती. 'एकत्र कुटुंब की विभक्त कुटुंब' हाही त्याच्याच जातीचा. त्यातले आजी-आजोबा नेहमी गोष्टी सांगतात, त्यांना कधी राग येत नाही, ते कधी कुणाशी अबोला धरत नाहीत. असे आजोबा तू पाहिलेस कुठे?

'संस्कृतीचे जीवनातील महत्त्व' ही तर निव्वळ दलदल. क्रोबर आणि क्लकहोन या दोन अमेरिकी मानवशास्त्रज्ञांनी 1952 साली संस्कृती या शब्दाच्या व्याख्या गोळा केल्या, त्या 164 भरल्या. आयुष्य त्यात घालवलेल्या माणसांची ही गत, तिथे तुझी लेक 'संस्कृती म्हणजे' अशी सुरुवात करून काय करणार? कोशातली पहिली व्याख्या उतरवणार आणि तिथेच अडकणार. तो विषय घ्यायचाच असेल तर एक अट घाल : संस्कृती हा शब्द निबंधात एकदाही येता कामा नये. घरात कुणाच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही, भांडण झालं की आधी कोण बोलायला येतं, कुणाचा वाढदिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो आणि कुणाचा राहत नाही, एवढं लिहिलं तरी पुष्कळ.

ग्राहकाच्या रकान्यात खरा माल आहे, पण मुलं तो हातात धरून बघत नाहीत. 'ग्राहकांचे हक्क' म्हटलं की 15 मार्च 1962 ला अध्यक्ष केनेडींनी अमेरिकी काँग्रेसला पाठवलेला संदेश येतो. मग त्यातले चार हक्क : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. मग 15 मार्चचा जागतिक ग्राहक हक्क दिन. यात चूक काहीच नाही. चाळीस वह्यांमध्ये ते सारखंच बरोबर असतं, हाच माझा त्रास आहे.

त्यापेक्षा मला कुणीतरी विजेच्या बल्बवर लिहून द्यावं. 1924 च्या डिसेंबरात जगातले मोठमोठे बल्बवाले जिनिव्हात जमले आणि त्यांनी फीबस नावाचा कंपू केला. बाजार वाटून घेतलाच, वर असं ठरवलं की घरगुती बल्ब हजार तासच चालला पाहिजे. तोवर दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब मिळत होते. ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकेल त्याला दंड! चांगला माल केला म्हणून दंड, हे ऐकलं की मुलं 'ही ग्राहकांची घोर फसवणूक होय' लिहून मोकळी होतात. गंमत तर त्यापुढे सुरू होते. तारेचा बल्ब जास्त दिवस टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते, आणि मग तेवढ्याच विजेत उजेड कमी पडतो. म्हणजे कंपूवाल्यांकडे सांगायला एक खरंखुरं कारण होतं आणि त्या कारणाआड झाकायला नफाही होता. अर्धं खरं बोलणाऱ्याला पकडायचं कसं, यावर एखादं पोर दोन पानं लिहील तर मी पूर्ण गुण देऊन टाकीन. अजून तरी तशी वेळ आलेली नाही.

तुला 'माझे बाबा' आठवतं का? सातवीत. तू शेजारीच होतास. मी गाइडमधला निबंध जशाच्या तसा उतरवला होता : 'माझे बाबा संध्याकाळी हसतमुखाने घरी येतात.' वर्गात आणखी दहा जणांचे बाबाही हसतमुखाने घरी आले होते. बाईंनी अकरा वह्या टेबलावर एका रांगेत मांडल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. मला उभं करून एवढंच विचारलं, "तुझ्या बाबांच्या शर्टाच्या खिशात काय असतं?" मला सांगता आलं नाही. तू खालून 'पेन, पेन' म्हणत होतास.

संध्याकाळी मी खिसा बघितला. टोपण नसलेलं पेन होतं (तुझं बरोबर आलं) आणि घडी घातलेली एक पावती. मग बाबा ती पावती काय करतात ते पहिल्यांदा नीट पाहिलं. दाराआड खिळ्याला एक तार टांगलेली होती, खाली वाकवलेली, वर टोकदार. त्यांनी घडी उलगडली, पावती गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केली, मधोमध तारेत खुपसली आणि खाली सरकवली. पुढच्या आठवड्यात मी त्या तारेवर निबंध लिहिला. पानभरसुद्धा नव्हता. 'पावती'तली वेलांटी सगळीकडे चुकली होती. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि तू मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलला नाहीस.

हे सगळं आता आठवायचं कारण तुझ्या यादीतला साहित्याचा रकाना. त्यात 'डॉल्स हाउसमधील नोरा : एक बंडखोर स्त्री' असा विषय आहे. इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराचं हे नाटक 1879 च्या डिसेंबरात कोपनहेगनला पहिल्यांदा रंगमंचावर आलं आणि तेव्हापासून पोरं फक्त त्याच्या शेवटावर लिहिताहेत. नोरा नवऱ्याला आणि मुलांना सोडून जाते, दार बंद झाल्याचा आवाज येतो, स्त्रीमुक्ती, समाप्त. लेकीला म्हणावं, शेवट राहू दे, पडदा उघडतो तिथे थांब.

नोरा नाताळची खरेदी करून घरात शिरते, हात पुड्यांनी भरलेले. झाड आणून देणारा हमाल पन्नास ओर, म्हणजे अर्धा क्रोन मागतो, ती अख्खा क्रोन देते आणि म्हणते, उरलेले ठेवून घे. तो गेल्यावर खिशातून मॅकरून काढून एक-दोन तोंडात टाकते आणि चोरपावलांनी नवऱ्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन कानोसा घेते. नवऱ्याने गोड खायला बंदी केलीय. तो बाहेर येतो, उधळी म्हणून लाडाने रागावतो, आणि मग तिच्या हातावर नोटा ठेवतो, ती त्या दहा, वीस, तीस, चाळीस अशा मोजून घेते. खरेदी, कुटुंब, सण, नाटक, तुझ्या यादीतले चारही रकाने पहिल्या पाच-दहा मिनिटांत एकाच खोलीत! यादी करणाऱ्यांनी मध्ये रेघा कुठून मारल्या कोण जाणे.

आणि ही 'उधळी' बाई करत काय असते? नवरा आजारी असताना त्याला इटलीला नेण्यासाठी तिने चोरून कर्ज काढलेलं असतं. बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नव्हतं, म्हणून वडिलांची खोटी सही केलेली. सहीखाली तारीख 2 ऑक्टोबरची, आणि वडील वारलेले 29 सप्टेंबरला! कपड्यांना मिळालेल्या पैशातले अर्धे ती हप्त्यांसाठी बाजूला काढते. एका हिवाळ्यात रात्र रात्र दार लावून कागदपत्रांच्या नकला उतरवायचं काम करते. आदल्या नाताळच्या आधी तीन आठवडे ती अशी दाराआड बसली होती, तर नवऱ्याला वाटलं बायको झाडासाठी कागदाची फुलं करतेय. फुलं का दिसली नाहीत, तर मांजराने फाडली. यावर त्याचा विश्वासही बसला! त्या कामाबद्दल मैत्रिणीला सांगताना नोरा म्हणते, दमायला व्हायचं, पण पैसे कमावत बसण्यात मजा होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं. माझ्या मते सगळं नाटक या वाक्यात आहे. दार तर फार नंतर वाजतं.

ग्राहकाच्या रकान्यासाठी अजून एक घे. जर्मनीत एका नामवंत नटीने हा शेवट करायला नकार दिला, मी माझ्या मुलांना कधी टाकणार नाही म्हणून. एका देशातल्या लेखकाच्या हक्काचं दुसऱ्या देशात तेव्हा संरक्षण नव्हतं, दुसरं कुणी शेवट बदललाच असता. म्हणून 1880 मध्ये इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला. त्यात नवरा तिला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच कोसळते. इब्सेन स्वतः त्याला रानटी अत्याचार म्हणाला. तरी लिहून दिला. गिऱ्हाईक राजा असतो म्हणतात, त्यावर लेकीने इथून लिहावं.

आता ती तार. बाबा गेल्यावर घर आवरताना मला ती सापडली, गंजलेली, पावत्यांनी गच्च भरलेली. आवरायचं राहिलं बाजूला, मी जमिनीवर बसून वरून खाली वाचत गेलो. औषधं, माझे बूट, रेडिओची दुरुस्ती, पुन्हा रेडिओची दुरुस्ती, ताईचा चष्मा. सगळ्या पावत्यांवर बाबांचं नाव. पार तळाशी, कडा तपकिरी झालेली, शिवणयंत्राची पावती होती. त्यावरही बाबांचंच नाव. आई रात्री जेवणं उरकल्यावर लोकांचे कपडे शिवायची ते तू पाहिलंयस, तुझ्या शाळेच्या चड्डीची शिवण एकदा तिनेच घालून दिली होती. मी तिला पावती दाखवली. तिने चष्मा लावला, वाचली आणि म्हणाली, "पैसे माझे होते. दुकानदाराने नाव विचारलं, तुझ्या बाबांनी सांगितलं. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही." मग पावती परत माझ्या हातात दिली आणि गाद्या उन्हात टाकायला गेली.

बाबा वाईट नव्हते रे. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसणार. सातवीतल्या माझ्या निबंधातही आई नव्हती, आणि मी तर तारेसमोर उभा राहून लिहिला होता.

तर मुद्दे देत नाही. लेकीला सांग, घरात पावत्या, वॉरंटीची कार्डं, हप्त्यांचे कागद जिथे कोंबलेले असतात तो खण उघडून बस. एकच कागद निवड आणि तीन माणसांना विचार : ही वस्तू घ्यायची कुणी ठरवलं, पैसे कुणाचे होते, वापरतं कोण. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर निबंध आयताच मिळाला. हवं तर डोक्यावर 'बदलती कुटुंबव्यवस्था' असा भारदस्त मथळा घालू दे, परीक्षकाला बरं वाटतं. पण यंत्राकडून लिहून घेऊ देऊ नकोस. ती यंत्रं आपल्या वेळचं गाइडच आहेत, फक्त शुद्धलेखन चांगलं. त्यांचे बाबाही संध्याकाळी हसतमुखाने घरी येतात.

आणि तिने विचारलं तर आधी वहिनींना उत्तर देऊ दे. तू पाच मिनिटं गप्प बस. अवघड आहे, ठाऊक आहे मला.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. लिहून झालं की मला पाठव. लाल पेन वापरणार नाही, शब्द देतो.

तुझाच,
मुद्दे पुरवणारा

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी अठ्ठाविसावी वही उघडली. पहिलं वाक्य असं आहे : 'आमच्या घरी टीव्हीचा रिमोट आजोबांच्या उशीखाली असतो.' चहा ठेवून आलोय, आता सावकाश वाचतो.