छायाचित्राखाली तिचे नाव छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वारी विशेष पुरवणीत दिवे घाटाचे पानभर छायाचित्र होते. जादा बैलजोड्या जुंपलेला माउलींचा रथ वळणावर आलेला, मागे खालपर्यंत दिंड्यांची रांग, आणि अगदी पुढे डोक्यावरचे तुळशीवृंदावन क्षणभर उतरवून घाम पुसणारी एक बाई. रथ आणि ती बाई एकाच चौकटीत बसवणे सोपे नाही. त्यासाठी नेमकी जागा हेरून पहाटेपासून उन्हात ठाण मांडावे लागते, आणि गर्दीच्या रेट्यात ती जागा सोडायची नसते. छायाचित्राखाली ओळ होती, ‘छायाचित्र : प्रतिनिधी’.

हे छायाचित्र काढणारी मुलगी माझ्या ओळखीची आहे. ती आपल्याकडे नोकरीला नाही. फ्रीलान्स काम करते, वापरलेल्या फोटोमागे मानधन घेते आणि ते वेळेवर मिळते, असेही सांगते. मानधनाबद्दल माझी तक्रार नाही, ओळीबद्दल आहे. मध्यंतरी तिने एका फेलोशिपसाठी अर्ज केला, तेव्हा प्रसिद्ध झालेल्या कामाची कात्रणे मागितली होती. तिच्याकडे कात्रणांची जाड फाइल आहे. विसर्जन मिरवणुकीत अलका टॉकीज चौकातली पहाट आहे, मंडईतल्या भाजीवाल्या आहेत, मुठेच्या पुरात नदीकाठच्या वस्तीतून सामान हलवणारी कुटुंबे आहेत. त्यातल्या बहुतेक कात्रणांवर तिचे नावच नाही. हे सगळे आपणच काढले, हे तिने निवड समितीला कशाच्या आधारे पटवायचे? छायाचित्रकाराची बढती, पुढचे काम, प्रदर्शनाला मिळणारी जागा, सगळे त्या बारीक टायपातल्या ओळीवर उभे असते. ओळ गेली की दहा वर्षांचे काम वाऱ्यावर जाते.

हे पुरुष छायाचित्रकारांच्याही बाबतीत होते, हे मी जाणते. तरी मी मुद्दाम स्त्रियांविषयी लिहिते आहे. या कलेत बायकांची कामे त्या नव्हत्या म्हणून हरवलेली नाहीत. कामे होती, छापलीही गेली, फक्त दुसऱ्याच्या नावावर.

भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला हा भाग कमी सांगितला जातो. 1913 साली नवसारीला जन्मलेल्या होमाई मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. कॅमेरा त्यांनी माणेकशा व्यारावाला यांच्याकडून आत्मसात केला, पुढे त्यांच्याशीच लग्न केले. सुरुवातीची त्यांची छायाचित्रे छापून आली ती माणेकशांच्या नावाने, कारण अनोळखी बाईच्या नावाला तेव्हा किंमत नव्हती. 1942 मध्ये त्या ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून कामावर जाणाऱ्या या बाईने लाल किल्ल्यावरचे ध्वजारोहण, माउंटबॅटन यांचे प्रस्थान, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली. नेहरू हातातले कबुतर उडवतात ते प्रसिद्ध छायाचित्रही त्यांचेच. 1970 मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. पुढची कित्येक वर्षे देशाला ती छायाचित्रे पाठ होती, काढणारी मात्र माहीत नव्हती. पद्मविभूषण मिळाले 2011 मध्ये, तेव्हा त्यांचे वय सत्त्याण्णव होते. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

‘डालडा 13’ हे टोपणनाव त्यांनी स्वतः घेतले होते. जन्मसाल 1913, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी, पहिल्या गाडीचा नंबर ‘डीएलडी 13’, त्यावरून. नाव लपवण्याचाही हक्क छायाचित्रकाराला असावा, पण तो तिच्या मर्जीने. तिला न विचारता ‘प्रतिनिधी’ छापणे म्हणजे टोपणनाव देणे नव्हे.

आणखी मागे गेलो तर 1892 मध्ये निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला होता. पुरुषाला तिथे प्रवेश नव्हता, म्हणून तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला होता. इतिहासात त्यांची ओळख उरली ती नवऱ्याच्या आडनावाने, ‘मिसेस केनी-लेव्हिक’.

पण मला खरी तळमळ आहे ती आपल्या पेठांमधल्या स्टुडिओंची. माझ्या सासरचा नारायण पेठेत फोटो स्टुडिओ होता. पाटीवर सासऱ्यांचे नाव, प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर त्यांचा शिक्का. सासूबाई ‘मदत करतात’ असे सगळे म्हणत. ही मदत काय होती ते मी लग्न होऊन आल्यावर पाहिले. लग्नासाठी दाखवायचा फोटो काढायला मुली येत, बरोबर आई किंवा आत्या. सासूबाई मुलीला आत नेत, पदर सारखा करत, हनुवटी किती वळवायची ते सांगत, दिवे हलवून नाकाखालची सावली काढत. मुलगी सासऱ्यांसमोर फारच अवघडली तर ते बाहेर जाऊन बसत आणि फोटो सासूबाईच घेत. असे वारंवार होई.

त्यानंतरचे काम तर पूर्ण त्यांचेच. चेहऱ्यावर देवीचे व्रण असले की ते निगेटिव्हवर फिके ठिपके म्हणून दिसतात. तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून उजेड घ्यायचा, आधी मिडियम म्हणजे चिकट द्रव चोळायचे, नाहीतर पेन्सिलीचे शिसे धरत नाही. मग सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने एकेक ठिपका भरत जायचे. तो भरला की प्रिंटवर तिथला डाग उजळतो. हात जरा जड पडला तर चेहरा पिठासारखा पांढरा दिसतो, म्हणून व्रण सगळे घालवायचे नाहीत, माणूस ओळखू आला पाहिजे, असे त्या म्हणत. रंगीत फिल्म महाग होती त्या काळात त्या मॅट कागदावरच्या कृष्णधवल प्रिंटला कापसाच्या बोळ्याने तेलरंग देत. साडीचा रंग आठवणीवर सोडायचा नाही म्हणून ऑर्डरच्या रजिस्टरात त्यांच्या अक्षरात नोंदी असत : चिंतामणी, आमसुली, मोरपंखी, काठ जरीचे. डार्करूममधल्या डेव्हलपर आणि हायपो या रसायनांनी त्यांच्या बोटांची कातडी कायम भेगाळलेली असे. पुढे रंगीत लॅब गल्लोगल्ली आल्या, रिटचिंगचे, म्हणजे निगेटिव्ह सुधारण्याचे, टेबल माळ्यावर गेले. शिक्क्यावर सासूबाईंचे नाव शेवटपर्यंत आले नाही. सासरे वाईट नव्हते, त्यांना ते सुचले नाही, आणि इतर कुणालाही सुचले नाही.

पुण्यात असे स्टुडिओ किती होते! जुन्या वाड्यांच्या भिंतींवरचे आजी-आजोबांचे जोडफोटो उतरवून पाहिले तर मागे पुरुषांच्याच नावांचे शिक्के दिसतील. त्या तसबिरींमध्ये किती बायकांचे हात आहेत, हे सांगू शकणाऱ्या पिढीतली माणसे आता मोजकीच उरली आहेत.

नाव छापले की काय घडते, हेही पुण्यातच दिसते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून सिनेमॅटोग्राफी शिकलेल्या अंजुली शुक्ला यांना ‘कुट्टी स्रांक’ या 2009 च्या मल्याळम चित्रपटासाठी छायालेखनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. फीचर फिल्मच्या विभागात तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्याच संस्थेच्या सविता सिंह यांना त्याआधी ‘क्रमशः’ या लघुपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. कॅमेरा कुणी चालवला हे सिनेमाच्या पडद्यावर लिहिलेले असते, म्हणून परीक्षकांना ते कळते, प्रेक्षकांना कळते आणि पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्या मुलीलाही कळते. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांचे भंडारदरा परिसरातील काजव्यांनी लखलखणारे झाड 2020 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत गौरवले गेले. जूनच्या तोंडावर काजवे पाहायला पुण्याहून गाड्या भरभरून लोक जातात आणि फोटो काढतात, पण ते एक झाड तिच्या नावानिशी जगभर पोचले.

स्त्री छायाचित्रकारांनी दुसऱ्याचे नाव कसे जपावे, हेही दाखवून दिले आहे. दिल्लीच्या गौरी गिल यांनी डहाणूजवळच्या गंजाड गावचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर एक मालिका केली. गिल यांच्या छायाचित्रांवर वांगड यांनी शाईने चित्रे काढली. ती मालिका दोघांच्या नावाने प्रदर्शित होते. नामांकित कलावंताला ‘एका आदिवासी कलाकाराच्या मदतीने’ असे लिहून भागवता आले असते. त्यांनी तसे केले नाही.

कायदाही या बाजूने आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. मालकी नोकरीच्या किंवा कराराच्या अटींनुसार वृत्तपत्राकडे अथवा ग्राहकाकडे जाऊ शकते. पण कलम 57 सांगते की हक्क विकले तरी ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार संपत नाही. लग्नाच्या फोटोग्राफीत हे कलम कुणी वाचलेलेच नसावे. कार्यालयात नवरीच्या खोलीत, ग्रहमखाच्या वेळी, बायकांच्या घोळक्यात काम करायला आता आवर्जून मुलींना बोलावतात, ‘सेकंड शूटर’ म्हणजे मुख्य छायाचित्रकाराच्या जोडीला दुसरी म्हणून. अल्बममधली सर्वांत जिव्हाळ्याची पाने त्यांची असतात. इन्स्टाग्रामवर मेकअप करणारी, मेंदीवाली, फुलांची सजावट करणारा, सगळ्यांना टॅग मिळतो. त्या मुलीचे नाव कुठेच नसते.

जागा अपुरी असते, पान लावताना घाई असते, हे मी समजू शकते. पण ‘प्रतिनिधी’ या शब्दाला जितकी जागा लागते, जवळजवळ तितक्यातच एक नाव बसते. आंदोलन, दंगल अशा प्रसंगी सुरक्षिततेसाठी कुणी नाव नको म्हणाली तर जरूर वगळा, तिला विचारून. एरवी पूर्ण नाव छापा. नुसते आडनाव किंवा आद्याक्षरे छापली तर वाचक पुरुषच गृहीत धरतात, हा माझा अनुभव आहे. ई-पेपर आणि संकेतस्थळावर चित्र चढवताना फाइलच्या माहितीतही नाव भरलेले असावे, म्हणजे ते पुढे कुठेही गेले तरी शोधता येईल. आणि दिवे घाटाच्या छायाचित्राचा खुलासा पुढच्या अंकात त्या मुलीच्या नावासह प्रसिद्ध करावा. पुढच्या अर्जाला ते कात्रण तिला लागणार आहे.

दर वर्षी 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त आपण पान काढता. 1839 मध्ये त्या दिवशी फ्रान्सने दागेर यांची छायाचित्र काढण्याची पद्धत जगासाठी खुली केली, हे दर वेळी छापून येते. या वर्षी त्या पानावर पुणेकरांना आवाहन करा : घरातल्या जुन्या फोटोंमागचे शिक्के पाहा, आणि त्या स्टुडिओत रिटचिंग, रंगकाम, डार्करूम करणाऱ्या बाई कोण होत्या ते आठवत असेल तर नाव कळवा. मुली, सुना, शेजारणी नक्की लिहितील.

सुरुवात म्हणून सासूबाईंचे नाव वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहे. त्यांनी रंगवलेले दोन प्रिंट आणि ऑर्डर रजिस्टरच्या एका पानाची प्रतही पाठवत आहे. प्रिंट मूळ आहेत, त्यांची दुसरी प्रत नाही, तेव्हा काम झाल्यावर ते परत मिळावेत, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
नारायण पेठ, पुणे