आधी मूठ उतरवून बघ

टोकियो, १२ नोव्हेंबर

चि. आदित्य,
अनेक आशीर्वाद.

तू घेऊ पाहतोयस त्या जपानी तलवारीचे फोटो मिळाले. सगळे पात्याचे आहेत, मुठीच्या आतला एकही नाही. पारख तर तिथूनच सुरू होते. बांबूची खुंटी काढून मूठ उतरवली की आतलं शेपूट दिसतं, त्याला इथे नाकागो म्हणतात. ते कधी घासत नाहीत, म्हणून त्यावर शतकांचा गंज मुरलेला असतो: काळपट तपकिरी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा. नारिंगी, भुरभुरीत गंज दिसला तर एक तर हल्ली ओल लागली आहे, नाही तर तो मुद्दाम चढवला आहे.

मग भिंगातून नाकागोवर कोरलेली कारागिराची सही बघ. अक्षरांच्या खाचांतला गंज आजूबाजूच्या गंजासारखाच हवा. खाच गंज कापून गेलेली आणि आतून उजळ असेल तर सही मागाहून कोरलेली आहे. कोतेत्सु, कियोमारो अशा नामांकित तलवार-कारागिरांच्या खोट्या सह्या ढिगानं सापडतात. उलट सही नसणं हा दोष नाही. लांब पाती खालून कापून आखूड करताना कित्येक सह्या गेल्या. खुंटीचं जुनं भोक आणि नवं भोक अशी दोन भोकं त्यामुळेच दिसतात.

धारेला पाणी दिल्यानं उमटणारी रेघ म्हणजे हामोन. दिव्याखाली पातं तिरकं धर. खऱ्या रेघेत बारीक चमकते कण आणि धुकं दिसतं, आणि पातं हलवलं की तेही हलतं. आम्लानं काढलेली रेघ सपाट, मुकी राहते. पॉलिशवाल्यानं दिलेल्या पांढरेपणाला मात्र हामोन समजू नकोस. रेघ टोकापर्यंत जाऊन बहुधा मागे वळते. वळत नसेल तर टोक तुटून पुन्हा घडवलेलं असू शकतं, पण काही पात्यांत ती मुळातच वळत नाही. धारेला काटकोनात केसाएवढी चीर असेल, तर तलवार अस्सल असली तरी घेऊ नकोस.

कागदांत फसायला होतं. तोरोकुशो ही फक्त सरकारी नोंदणी. तिच्यावरची लांबी आणि भोकांची संख्या तलवारीशी जुळते का बघ, पण ती अस्सलपणाची हमी नाही. हमीसाठी जपानी कला-तलवार जतन संस्थेचा होझोन दाखला हवा. १९८२च्या आधीचा दाखला असेल तर तलवार नव्यानं तपासून घ्यायला लाव.

तुझ्या बजेटात नावाजलेल्या सहीच्या कातानापेक्षा, म्हणजे लांब तलवारीपेक्षा, दाखला असलेली, सही नसलेली वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार घे. ती ३० ते ६० सेंटिमीटरची असते. इसार देण्याआधी नाकागोच्या दोन्ही बाजूंचे आणि टोकाचे फोटो मागव आणि मला पाठव. नाकागोला तेल, ब्रश काही लावू नकोस.

दादाला, वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका