सड्यावरचं डबकं

राजापूर,
घटस्थापना

प्रिय सुधीर,

फोन अर्ध्यात तुटला, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणालास, आपला सडा, म्हणजे तो कातळाचा माळ, सातबाऱ्यावर पोटखराबाच आहे, न पिकणारी जमीन; जांभ्याच्या चिरेखाणीला दिला तर बिघडलं काय? रात्रभर तेच डोक्यात होतं. सकाळी उठून सड्यावर गेलो. गुरं राखताना आपण ज्या डबक्यात पाय सोडून बसायचो, तिथे जांभळी मंजिरी फुललीय. घोटाभर पाणी आणि त्यातून वर आलेले तुरेच तुरे. खाली वाकून बघ, पुंकेसरांवर मऊ लव दिसते. तिच्या शास्त्रीय नावातलं पोगोस्टेमॉन त्या लवेवरूनच आलंय, दाढीवाले पुंकेसर. आपल्या तुळशीच्या कुळातली ही, रानातल्या फांगळ्याची जवळची बहीण. आणि सुधीर, जगाच्या पाठीवर ती आपल्या या सह्याद्री-कोकणाच्या पट्ट्यातच उगवते.

तिला पावसाळाभर साचलेलं पाणी लागतं, मग तापून निघणारा कातळही लागतो. चार महिन्यांत उगवून, फुलून बी त्याच चिखलात टाकते आणि वाळून जाते. म्हणून 'उपटून दुसरीकडे लावू' हे तुझं मला पटत नाही. बागेत तो कातळ कुठून आणणार? चिरे काढताना डबक्याची कड एकदा फुटली की पाणी थांबत नाही. कलमांसाठी माती ओतली तरी तेच. पलीकडच्या वाडीच्या सड्यावर दोन्ही झालंय, तिथे यंदा एक तुरा दिसला नाही.

कासला हीच फुलं बघायला माणसं तिकीट काढून जातात. ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे. आपल्या सड्याला वाली आपणच, सामाईक खातेदार.

विकू नको असं मी म्हणत नाही. पोरीच्या शिक्षणाचा खर्च मला ठाऊक आहे. फक्त डबकं आणि त्यात पाणी उतरतं तो वरचा उतार, एवढा तुकडा व्यवहारातून वगळ. सहीआधी मोजणी करून घेऊ. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीनं गावातल्या झाडा-प्राण्यांची नोंदवही ठेवायची असते. मंजिरीची नोंद तीत व्हावी म्हणून मी अर्ज लिहून ठेवलाय, खातेदार म्हणून तुझीही सही हवी. दोडामार्गात बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल अशीच जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, तीही गावातलीच जागा.

दसऱ्याला ये. दिवाळीपर्यंत पाणी आटेल, मग दाखवायला काही उरणार नाही. आईनं तुझ्यासाठी कोकम काढून ठेवलंय.

तुझा,
विनू